चांदरचं घर, कुशावतीचा काठ: गोव्यात कॅराव्हॅनने चार दिवस

डिचोलीहून चांदर दीड-दोन तासांवर आहे. एवढ्याशा अंतरासाठी कॅराव्हॅन भाड्याने घ्यायची आणि चार दिवस घालवायचे, हे आमच्या घरात कुणालाच पटत नव्हतं. पण सासूबाईंचे गुडघे गेलेले, तासा-दीड तासाने शौचालय लागतं, आणि दुपारी घटकाभर आडवं झाल्याशिवाय त्यांचा दिवस पुढे सरकत नाही. चांदरचं मिनेझिस ब्रागांझा या भाटकार म्हणजे जमीनदार घराण्याचं जुनं घर पाहायची त्यांची इच्छा मात्र फार जुनी. त्यांचे वडील कूळ होते. भाटकाराच्या घरी ते मागच्या दाराने जात आणि मागच्याच दाराने परत येत. तेव्हा असं एखादं मोठं घर समोरून पाहायचं, हे आईंच्या मनात किती वर्षं होतं ते आम्हाला फार उशिरा कळलं.

गाडीतच पलंग, पंखा आणि शौचालय असेल तर हे जमण्यासारखं होतं. जमलंही, आणि पुढचे दोन हिवाळे आम्ही त्याच वाटेने पुन्हा गेलो. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरची नणंद आणि तिची दोन मुलं सोबत होती. त्यानंतर ओळखीतले बरेच जण विचारू लागले, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते आहे.

गोव्यात परदेशासारखे कॅराव्हॅन पार्क मिळतील या भरवशावर निघू नका. इथे रात्रीची जागा कुणाच्या तरी अंगणात, देवळाच्या आवारात किंवा बागायतीत मिळते, आणि ती विचारल्यावर मिळते. प्रवासाची सगळी आखणी याच्याभोवती करायची आहे.

महिना कोणता

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. जून ते सप्टेंबर इथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा गावातल्या रस्त्यांच्या कडा भुसभुशीत होतात आणि जड गाडी रुतते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचं छप्पर दुपारी तव्यासारखं तापतं. नोव्हेंबरात सरदाचं म्हणजे पावसाळी भात कापून झालेलं असतं आणि शेतांत गवताच्या कुडी उभ्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तळ्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या पाण्यावर वायंगण, म्हणजे दुसरं भातपीक, उभं राहतं, तेव्हा हिरवा गोवा पाहायला पावसाळाच हवा असं नाही. माझी पसंती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याला. नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळाच. फोंडा-मडगाव रस्त्यावर मोठी गाडी घेऊन रांगेत उभं राहण्यात अर्धा दिवस जातो. ६ जानेवारीला चांदरला तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, असतं, आणि कार्निव्हलच्या दिवसांत तिथला मुसळखेळ, म्हणजे मुसळं घेऊन करायचा नाच. यांतलं काही पाहायचं असेल तर चांदरच्या मुक्कामाची जागा महिनाभर आधी ठरवा.

गाडी ताब्यात घेताना

बहुतेक भाड्याच्या कॅराव्हॅन या ट्रॅव्हलरसारख्या गाडीत आतून बदल करून केलेल्या असतात. लांबी साधारण साडेपाच ते सात मीटर. या वाटेसाठी सहा मीटरच्या आतली घ्या. चौघांना पुरते आणि गावातल्या वळणांवर मागचं चाक कुणाच्या चिऱ्याच्या गडग्याला घासत नाही.

आधी नंबरप्लेट पाहा. स्वतः चालवायची भाड्याची गाडी म्हटली की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. आर.सी. बुकवर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं. ते ७,५०० किलोपर्यंत असेल तर नेहमीचा एल.एम.व्ही. म्हणजे हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यावसायिक गाड्यांबाबतही हे स्पष्ट केलं आहे.

मग टेप घेऊन उंची मोजा. मालक सांगतो ती उंची बहुतेकदा छपराची असते. वर बसवलेला एसी आणि सौर पॅनेल त्यात धरलेले नसतात. मोजलेला आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. गावात वीज आणि केबलच्या तारा कुठे कशा लोंबतील सांगता येत नाही, आणि झाडाच्या फांद्या तर असतातच.

गाडी सुरू करण्याआधी सगळीकडून व्हिडिओ काढा, छपरावरूनही. पहिल्या वर्षी आमच्याकडून छपरावरच्या एका जुन्या ओरखड्याचे पैसे कापून घेतले गेले, कारण आमच्याकडे खालचेच फोटो होते. तिथेच उभं राहून पंप चालवा, नळ सोडा, शौचालयाची टाकी बाहेर काढून परत बसवा, शेगडी पेटवा, आणि पलंग उलगडून त्यावर खरोखर झोपून पाहा. आईंसाठी आम्ही एक चार इंच उंचीचा लाकडी पाट बरोबर ठेवला होता. या गाड्यांची पायरी फार उंच असते आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसातून वीस वेळा चढ-उतर करावी लागते. सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी पडला तो हा पाट.

वीज, पाणी, गॅस

विजेचं गणित घरीच करा. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १२.८ व्होल्टने गुणून १,२८० वॉट-अवर, त्यातले हजारेक वापरायचे. २५ वॉटचा पंखा नऊ तास चालला तर २२५. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज चोवीस तासांत मिळून दहाएक तास चालतो. ४५ वॉट धरले तर ४५०. दिवे आणि फोन मिळून शंभर. झाले ७७५, म्हणजे एक दिवस आणि थोडं वर. एसी हजार वॉटच्या आसपास घेतो, तेव्हा तो बॅटरीवर तासभरही धड चालणार नाही. एसी हवाच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा प्लग आहे का, हे फोनवरच विचारा. जुन्या घरांतल्या वायरिंगला अर्थिंग असेलच असं नाही. वीस-पंचवीस मीटरची जाड वायर आणि प्लगमध्ये खुपसून तपासायचा साधा टेस्टर जवळ ठेवा. वायर ओढण्याआधी घरमालकाला युनिटचे पैसे देऊ करा.

२०० वॉटचं सौर पॅनेल चार-पाच तास चांगलं ऊन मिळालं तर दिवसाचा खर्च जवळजवळ भरून काढतं. पण माणसाला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. आम्ही सकाळी दहापर्यंत गाडी उन्हात ठेवतो आणि मग आंब्याखाली नेतो. माडाखाली मात्र कधीच लावू नका, सावली कितीही चांगली असली तरी. एक नारळ पॅनेलचं आणि काचेचं काय करतो हे मी पाहिलं आहे. झावळीदेखील कमी जड नसते.

पाण्याची टाकी ६० ते १०० लिटरची असते. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून घाटातून येताना ती पाव भरा आणि गोव्यात उतरल्यावर पूर्ण भरा. पिण्याचं पाणी वेगळं, वीस लिटरच्या कॅनमध्ये.

गॅसला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. चालत्या गाडीत त्याचा खटका बंदच हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून गळतीचा सेन्सर जमिनीलगत बसवला आहे ना ते बघा. स्वयंपाक दार उघडं ठेवून गाडीच्या आतच करायचा. पर्यटनस्थळी उघड्यावर चूल किंवा शेगडी पेटवणं २००१ च्या गोव्याच्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याखाली दंडाला पात्र आहे, आणि दंड हजारांत असतो. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या बसवाल्यांनी किनाऱ्यांवर चुली पेटवून जी घाण केली त्यानंतर हे कडक झालं, आणि बरंच झालं.

सगळ्यांत महत्त्वाचं: घाण पाणी कुठे सोडायचं

यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण कॅराव्हॅनवाल्यांचं नाव खराब होतं ते इथेच.

गोव्यातली जमीन जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो, चाळणीसारखा. वर ओतलेलं पाणी त्यातून भराभर खाली उतरतं आणि अंगणातल्या बांयत, म्हणजे विहिरीत जातं. गावातली कितीतरी घरं आजही त्या विहिरीचं पाणी पितात. साष्टी तालुक्यात पुढे खाजन जमिनी आहेत: भरती-ओहोटीचं खारं पाणी बांध घालून अडवलेलं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून हवं तेवढं आत-बाहेर सोडलेलं, एकाच जमिनीत भात आणि मासळी. तिथे साबणाचं पाणी सोडलं तर ते कुणाच्या तरी ताटात जातं.

म्हणून रीत अशी. भांड्यांचं आणि आंघोळीचं पाणी एका टाकीत साठतं. आधी त्या टाकीची तोटी घट्ट आहे का ते रोज बघा. मुक्कामाच्या घरी विचारा: ‘हे पाणी माडाच्या आळ्यात सोडलं तर चालेल का, की मोरीत ओतू?’ साधा साबण कमी वापरला असेल आणि आळं विहिरीपासून दूर असेल तर बरेच जण आळ्यात सोडायला सांगतात, पण ते त्यांनी सांगायचं.

शौचालयाची सुटी टाकी अठरा-वीस लिटरची असते. चार माणसांत दोन दिवसांत भरते. ती फक्त शौचालयाच्या भांड्यातच रिकामी करायची, हळूहळू, मागून दोन बादल्या पाणी. टाकीत घालायचं निळं औषध फॉर्मल्डिहाइडचं असेल तर घराच्या सेप्टिक टाकीतले जीवाणू मरतात आणि आपण गेल्यावर त्या घराला वास येत राहतो. एन्झाइमचं औषध मागून घ्या. रात्री झोपायला अंगण देणाऱ्या घराकडे हे मागायला संकोच वाटतो, म्हणून आम्ही प्रत्येक मुक्कामात एक खोली भाड्याने घेतो. खोलीत सामान ठेवतो, आंघोळी करतो, टाकी तिथल्याच शौचालयात रिकामी करतो. झोपायला मुलं खोलीत आणि आई गाडीत. पैसे थोडे जास्त जातात, पण मन मोकळं राहतं.

पहिला दिवस: फोंडा

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी शक्यतो राष्ट्रीय महामार्ग ६६ ने बांदा-पात्रादेवीमार्गे यावं. पात्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या झेललेल्यांचं स्मारक आहे. पाच मिनिटं थांबून पुढे जा. बेळगावहून येत असाल तर चोर्ला घाट चालतो, पण दिवसा, आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून न राहता खालच्या गिअरमध्ये. तिलारीचा घाट कॅराव्हॅनने करू नका. तिथली वळणं फार तीव्र आहेत.

पहिला मुक्काम फोंडा तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या देवळाच्या अग्रशाळेत. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे ही सगळी देवळं थोड्याथोड्या अंतरावर आहेत. पोर्तुगीजांच्या काळात साष्टी, तिसवाडी, बार्देशातून देव हलवले गेले तेव्हा त्यांनी या बाजूला आसरा घेतला. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, मंगेश कुठ्ठाळीचा. अग्रशाळेत भाविकांसाठी खोल्या असतात. देवस्थानच्या कार्यालयात आधी फोन करून खोली घ्या आणि आवारात गाडी रात्रभर ठेवायची परवानगी मागा. आवारात असेपर्यंत गाडीतसुद्धा मासळी-मटण शिजवायचं नाही, हे सांगावं लागू नये. जत्रेचे दिवस आणि सोमवार टाळा.

संध्याकाळ गाडीशी ओळख करून घेण्यात घालवा. मोकळ्या जागेत दहा वेळा मागे घ्या. एकाने कायम खाली उतरून मागे उभं राहायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की चालवणाऱ्याने थांबायचं. आमच्याकडे हे काम कोल्हापूरच्या भाच्याकडे होतं आणि त्याने ते फार मनापासून केलं.

दुसरा दिवस: लोटली, कुडतरी, चांदर

सकाळी लवकर बोरीचा पूल ओलांडून लोटलीत. पुलाच्या दोन्ही बाजूंना वळणं आहेत आणि ट्रक असतात, म्हणून आठच्या आत पार व्हा. लोटली हे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं गाव. इथली जुनी घरं पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. हिंदू वाडा आतल्या बाजूला उघडतो: मधलं राजांगण, त्यात तुळस, भोवती सोपे. ख्रिस्ती भाटकाराचं घर रस्त्याकडे तोंड करून बसतं: पुढे बाल्कांव नावाची ओसरी, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची सोय. आतल्या चौकाची खोड मात्र दोघांचीही, कारण घर बांधणारे हात आणि चिरे तेच. फिगेरेदोंचं जुनं घर इथे पाहायला खुलं असतं, फोन करून जा. बिग फूट या संग्रहालयात जांभ्याच्या कातळात आडवी कोरलेली संत मीराबाई आहे. मुलांना ती जागा आवडते आणि गाडी लावायलाही ऐसपैस.

लोटलीहून रायमार्गे कुडतरी. जुने लोक कुडतरीला साष्टीचं धान्याचं कोठार म्हणतात, आणि तळी पाहिली की का ते समजतं. रस्ता तळ्याच्या आणि शेताच्या मधून जातो, कमळं हाताशी येतात, आणि गाडी चालवणाऱ्याने नेमकं तेव्हा फक्त रस्त्याकडे पाहायचं असतं.

इथेच दुसऱ्या वर्षी माझं चुकलं. समोरून मिनी बस आली, तिला जागा द्यायला मी गाडी डावीकडे घेतली आणि मागचं डावं चाक डांबर सोडून तांबड्या मातीत गेलं. माती वरून कोरडी होती, आतून ओली. गाडी शेताकडे कलली. आत आई होत्या. त्यांना चालकाच्या बाजूच्या दारातून बाहेर काढलं तेव्हा माझे हात थरथरत होते. शेतातल्या दोघांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, वीस मिनिटांत गाडी वर आली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते; पुष्कळ आग्रहानंतर त्यांनी डिझेलपुरते घेतले. तेव्हापासून मी डांबर सोडत नाही. समोरून काहीही येवो, आहे तिथे थांबायचं, दिवे लावायचे, मागचा माणूस खाली उतरवायचा, आणि गरज पडली तर मागच्या रुंद जागेपर्यंत उलटं जायचं. सोबत पाच टनांचा ओढायचा पट्टा आणि दोन जाड फळ्या हव्यातच. मोबाईलचा नकाशा जवळची वाट म्हणून खाजनाच्या बांधावर नेऊ पाहील. बांध माणसांसाठी आणि फार तर स्कूटरसाठी आहेत.

दुपारचं जेवण एक ते तीनच्या दरम्यान उरका आणि तुम्हीही विश्रांती घ्या. त्या वेळात गाव झोपलेलं असतं, कुणाचं दार वाजवू नये.

संध्याकाळी चांदर. चर्चसमोरचं मैदान रुंद दिसतं म्हणून तिथेच रात्र काढायचा मोह होतो. पण गावातल्या मोकळ्या जागा कुणाच्या ना कुणाच्या असतात: चर्चच्या, कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या), नाहीतर एखाद्या घराच्या. कापणी झालेल्या शेतात मुलं फुटबॉल खेळतात म्हणून ते शेत सार्वजनिक होत नाही. आम्ही पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, ‘रातीं गाडी हांगा दवरल्यार (इथे ठेवली तर) चलता?’ त्या म्हणाल्या, ‘दवर गो बाय, पूण बांयची वाट सोड.’ विहिरीची वाट मोकळी ठेवून आम्ही त्यांच्याच अंगणात राहिलो. पुढच्या दोन्ही वर्षी निघण्याआधी त्यांना फोन केला आणि डिचोलीहून चण्याच्या डाळीचं मणगणं, म्हणजे खिरीसारखं गोड, करून नेलं. ओळख नसेल तर आधीच होमस्टे ठरवा, आणि गाडीची लांबी-उंची सांगून फाटकाची रुंदी विचारून घ्या.

रात्री रेल्वेचा आवाज येतो, वास्को-कुळेची लाईन गावातून जाते. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. सायकलच्या मागे टोपलीत पोळे, उंडे, कांकणं असे नाना पाव. दार उघडं ठेवून गाडीतच चहा करायचा आणि गरम पोळ्याबरोबर प्यायचा. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत प्रिय घटका ही.

तिसरा दिवस: ब्रागांझांचं घर

आदल्या दिवशी फोन करा. सकाळी साडेनऊ-दहाला जा. गाडी घरासमोर लावू नका. त्या लांबच्या लांब दर्शनी भिंतीसमोर पांढरा डबा उभा राहिला तर इतर कुणाला घर दिसत नाही, आणि घरच्यांनाही बाहेरचं दिसत नाही. चर्चच्या बाजूला लावा, म्हाताऱ्या माणसांना मात्र दाराशी सोडा. जिना आहे, रुंद आहे, हात धरून सावकाश चढता येतो.

घर १७ व्या शतकात सुरू झालं आणि पुढे वाढत गेलं. आत शिरल्यावर ते दोन होतात. पश्चिमेची बाजू मिनेझिस ब्रागांझांची, पूर्वेची ब्रागांझा परेरांची. कुटुंबं वेगळी, दारं वेगळी, आणि देणगीही दोन्हीकडे वेगळी द्यायची असते. दोन्ही पाहा, घाई न करता, प्रत्येकी पाऊण तास तरी. पश्चिमेला ग्रंथालय आहे, हजारो पुस्तकांचं, आणि चिनी मातीची जुनी भांडी. पूर्वेला नाचाचा दिवाणखाना, काचेची झुंबरं, पोर्तुगालच्या राजाकडून आलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या, आणि घरातलं देवघर, जिथे संत फ्रान्सिस झेवियरचं नख जपून ठेवलं आहे. खिडक्यांची तावदानं शिंपल्यांची आहेत. काच महाग होती तेव्हा खाडीतल्या चपट्या शिंपल्यांचे पापुद्रे चौकटीत बसवत. ऊन त्यातून दुधासारखं गाळून येतं. चिखलीच्या खाडीत ही शिंपली अजून आहे आणि वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, म्हणून कुणी विकायला आणली तर घेऊ नका.

या घरातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) हे पत्रकार. १९०० मध्ये ‘ओ एराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं दैनिक सुरू झालं त्यात त्यांचा वाटा होता, पुढे त्यांनी स्वतःचं ‘ओ देबात’ काढलं. १९३० मध्ये विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनी मांडला, तोही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा अंमल चढत असताना. एवढ्या मोठ्या घरात जन्मलेल्या माणसाने हे बोलावं, याचं आईंना शाळेपासून अप्रूप होतं.

आता देणगीबद्दल. ही घरं कुळांकडून येणाऱ्या भातावर आणि नारळांवर उभी राहिली. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. ते व्हायलाच हवं होतं. आईंच्या माहेरची शेती त्यामुळेच त्यांची झाली. पण हजार कौलं असलेल्या छपराला उत्पन्न उरलं नाही, आणि पाऊस दरवर्षी येतोच. म्हणून तिथे मागतील ते देणगीचे पैसे तिकीट समजून मोजू नका, चार जास्त द्या. वस्तूंना हात लावू नका, खुर्च्यांवर बसू नका, फोटो विचारूनच काढा. हे लोक अजून तिथे राहतात. कुठल्यातरी दारामागे कुकरची शिट्टी होते, कुणाची तरी साडेदहाची औषधं घ्यायची वेळ असते.

पहिल्या वर्षी दाराशी आई थबकल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘फुडल्या दारानच वचपाचें?’ मी म्हटलं, हो, पुढच्याच दाराने जायचं. त्यांनी पदर सारखा केला आणि जिना चढल्या. आत त्या फार काही बोलल्या नाहीत. ग्रंथालयाच्या कपाटासमोर बराच वेळ उभ्या होत्या.

वेळ उरला तर चांदरचाच कोट हा वाडा, म्हणजे वस्ती, बघा. हे चंद्रपूर, भोजांची आणि नंतर कदंबांची राजधानी. आता तिथे फारसं काही नाही. पायाच्या खुणा आणि शीर नसलेला एक नंदी. तिथे चालत जा, गाडीने नाही.

दुपारनंतर केपे, दहा-बारा किलोमीटर. इथला पलासिओ द देआंव हा जुना वाडा १७८७ मध्ये जुझे पावलु द आल्मैद या धर्मगुरूने बांधला, ज्याने केपे गावच वसवलं. चर्चच्या समोर, कुशावती नदीच्या काठावर. मालकांनी घर स्वतः दुरुस्त करून उभं केलं आहे आणि आधी सांगितलं तर बागेकडच्या पडवीत जेवण मिळतं. चांदरचं घर ऐश्वर्य दाखवतं, हे घर राहावंसं वाटतं. दोन्ही एकाच दिवशी पाहिली तर फरक चांगला कळतो. मुक्काम केपे-रिवण भागातल्या एखाद्या बागायतीत. केपे सोडण्यापूर्वी डिझेल, पिण्याचं पाणी आणि रोख पैसे घ्या. पुढे मोबाईलला रेंज येते-जाते.

चौथा दिवस: रिवण आणि उसगाळीमळ

आता घरं संपून डोंगर सुरू होतात. कुळागरं लागतात: सुपारी, खाली केळी आणि मिरवेल, पाटाने फिरणारं झऱ्याचं पाणी. पाटात हात धुवायलाही मालकाला विचारा, ते पाणी खालच्या बागेत जातं. इथून पुढे नेत्रावळीचं अभयारण्य आहे. जंगलाच्या हद्दीत गाडीत रात्र काढायची नाही, आणि बुडबुड्यांची तळी पाहायला जायचं असेल तर सकाळीच जाऊन या.

उसगाळीमळची कातळचित्रं कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेली आहेत, शंभराहून जास्त. १९९३ मध्ये ती अभ्यासकांसमोर आली. बैल आहेत, हरणं आहेत, माणसं आहेत, आणि वळत वळत आत जाणारं एक मोठं चक्रव्यूह. पावसाळ्यात नदी फुगली की ही चित्रं पाण्याखाली जातात. दुपारी बाराला गेलात तर काहीच दिसणार नाही, ऊन सरळ पडतं. सकाळी नऊच्या आधी किंवा चारनंतर तिरप्या उन्हात रेषांना सावली पडते आणि एकेक आकृती जमिनीतून वर येते. खडूने रेषा भरू नका, चपला काढून कडेकडेने चाला. गाडी वरच्या रस्त्यावर रुंद जागा बघून ठेवा. खाली जाणारी वाट उताराची आहे आणि मोठी गाडी तिथे वळत नाही.

आई खाली येऊ शकत नव्हत्या. गाडी सावलीत लावली, दार उघडं ठेवलं, पाट खाली मांडला आणि त्या दारातच बसून राहिल्या. वर आल्यावर भाच्याने त्यांना फोनमध्ये चक्रव्यूह दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं, मग बोट रेषेवर ठेवून बाहेरून आतपर्यंत फिरवत नेलं. ‘ही रांगोळी आमच्या आवयक (आईला) येताली,’ म्हणाल्या, आणि घरी पोचेपर्यंत फोन हातातच ठेवला.